उजवीकडून ओढलेली रेघ

सोनईच्या रंगनाथ पाटलांनी मोटार घेतली, त्या दिवशी अर्ध्या गावानं ज्वारी लपवली.

त्याचं असं झालं. लढाई संपली आणि नगरच्या कॅम्पातल्या लष्करानं आपला पसारा लिलावात काढला. तंबू, खाटा, बूट, घमेली, आणि मोटारी. रंगनाथरावांचा गुळाचा व्यापार बरा चालला होता आणि मोटारीची हौस तर मिसरूड फुटल्यापासूनची. त्यांनी बोली लावून एक चारदारी मोटार घेतली, नगरमध्येच एक ड्रायव्हर धरला आणि छाती पुढे काढून गावात शिरले. पण मोटार होती खाकी. ते धान्याच्या लेव्हीचे दिवस. खाकी गाडी दिसली की सरकार धान्य मोजायला आलं, एवढंच लोकांना ठाऊक. गाडी वेशीत आली तशा बायांनी कणग्यांवर गोधड्या टाकल्या, कुणी पेवाच्या तोंडावर घाईघाईनं शेण सारवलं, आणि रंगनाथरावांचा सख्खा चुलता मागच्या दारानं जो उसात पळाला तो दिवेलागणीला परत आला. पेढे वाटायला माणूस सापडेना.

रंगनाथरावांची आई आक्काबाई ओट्यावरून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "फौजदाराची कातडी हाय ही. आदी सोलून काढ, मग मी बसंन."

म्हणून दुसऱ्याच दिवशी ती मोटार उलट्या पावली नगरला आली आणि झेंडीगेटजवळ फक्रुद्दीन रंगाऱ्याच्या पत्र्याच्या छपराखाली उभी राहिली. शेहेचाळीस सालच्या थंडीतली ही गोष्ट.

"फक्रुभाई, काळी कुळकुळीत करायची," रंगनाथराव म्हणाले. "दारात हुबी केली तर शेजाऱ्याला त्याचं तोंड दिसलं पायजे."

फक्रुद्दीननं गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्डावर नख ओढून पाहिलं आणि "पंधरा दिवस लागतील" म्हणाला. तो फार बोलणारा माणूस नव्हता. पंचावन्नच्या पुढचा, अंगानं वाळलेला, नखांत कायमचा रंग बसलेला. त्याच्याशी वाद घालायला कुणी जात नसे, कारण त्याचं नाव मोठं होतं.

हे नाव कशाचं होतं, ते सांगायला हवं. टांग्याला रंग काय, कुणीही फासतो. पण रंग सुकल्यावर टांग्याच्या अंगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जी बारीक पिवळी रेघ जाते, ती फक्रुद्दीनचीच पाहिजे, असं नगरचे टांगेवाले म्हणत. मिरजगावहून माणसं बैल जुंपलेली दमणी घेऊन यायची ती त्या रेघेसाठी. सुतासारखी सरळ आणि कोपऱ्यावर वळताना न अडखळणारी. श्रीमंत नावाचा एक टांगेवाला तर शपथेवर सांगायचा, की रेघ ओढून घेतल्यापासून त्याचं घोडं चाबकाशिवाय पळतं. घोड्याला रेघ दिसत नाही, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

ती रेघ फक्रुद्दीन ओढत नव्हता.

चौतीस साली एका थेटराचा बोर्ड रंगवताना तो परांचीवरून पडला आणि उजवं कोपर मोडलं. हाडवैद्यानं ते बसवलं, पण बसवलं ते आपल्या मर्जीनं. मोठा ब्रश चाले, घासणं चाले, पॉलिश चाले. बारीक कुंचला धरला, की हात लटलट कापायचा. रंगाऱ्याचा हात गेला हे बाजारात कळलं असतं, तर चूल विझायला आठवडा लागला नसता. आठ दिवस तो घरात भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. नवव्या दिवशी त्याच्या बायकोनं, बिबीजाननं, त्याच्या हातातला कुंचला काढून घेतला आणि परसातल्या पत्र्यावर एक रेघ ओढून दाखवली.

बिबीजान कातिबाची मुलगी. तिचा बाप छापखान्यासाठी बोरूनं उर्दू मजकूर लिहून द्यायचा, आणि बापाच्या मांडीला मांडी लावून तीही लिहायला शिकली होती. म्हणून तिची रेघ उजवीकडून निघायची. नगरचे बाकीचे रंगारी डावीकडून उजवीकडे ओढत, बिबीजान उजवीकडून डावीकडे. कुंचला जिथं पहिल्यांदा टेकतो तिथं रंग जरा जास्त उतरतो, आणि जिथं उचलतो तिथं केसासारखा होतो. तिच्या रेघेचं उजवं टोक किंचित भरलेलं असे आणि डावं विरत गेलेलं. लोकांना फक्त दिसे, की फक्रुद्दीनच्या रेघेत काहीतरी निराळं आहे. काय निराळं आहे, हे ती दोघंच जाणत होती.

मग दोघांनी एक रीत बसवली. छपराला चारी बाजूंनी गोणपाटाचे पडदे लागले. ओल्या रंगावर धूळ बसते, हे कारण सगळ्यांना पटलं. पहाटेची नमाज झाली, की बिबीजान खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला घेऊन आत जायची आणि गल्ली जागी होईपर्यंत रेघ ओढायची. फक्रुद्दीन पडद्याबाहेर उभा राहायचा. कुणी लवकर आलंच तर तो खोकायचा, आणि ती आत उकिडवी बसून राहायची. दहा वर्षं हे चाललं. दहा वर्षं लोक त्याच्या हाताची तारीफ करत राहिले आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला. लोकांना वाटे, केवढा नम्र माणूस आहे.

अडतीस साली नगरच्या एका वकीलसाहेबांनी मुंबईहून कोरी मोटार आणली. किरमिजी रंगाची. कारखान्यातून आलेली ती झळाळी त्यांना पुरेशी वाटेना, म्हणून गाडी फक्रुद्दीनकडे आली, अंग घासून मेणाचं पॉलिश करायला आणि चारी बाजूंनी रेघ ओढायला. मोटारीवरचं ते नवराबायकोचं पहिलंच काम. बिबीजान नऊ पहाटा त्या गाडीभोवती बसली. शेवटच्या पहाटे कुंचला धुताना ती हसून म्हणाली, "कभी किसी को बोलोगे ना?"

"बोलूंगा," फक्रुद्दीन म्हणाला.

पण बोलला नाही. कुणाला सांगणार, आणि सांगून खाणार काय? वर्षं गेली. चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात बिबीजानला हिवताप आला. त्यावरचं औषध कोयनेल, ते सगळं लढाईवर गेलेलं, बाजारात मिळेना. अकरा दिवसांत ती गेली.

तिचा फोटो नव्हता. पडद्यातली बाई, फोटो काढणार कोण? राहिल्या होत्या त्या रेघा, आणि त्याही टांग्यांवर. टांग्याची रेघ किती टिकणार? धूळ, चिखल, घोड्याची शेपटी, आणि दर दोन वर्षांनी नवा रंग. फक्रुद्दीन स्टँडावर जाऊन उभा राही, एकेक टांगा न्याहाळत. लोकांना वाटे, गिऱ्हाईक शोधतोय. श्रीमंतचा टांगा शेवटचा होता. तो पंचेचाळीसमध्ये चाक निखळून पुलाच्या कठड्यावर आपटला आणि त्याचं सरपण झालं. रेघेचं काम फक्रुद्दीननं बंदच केलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, लढाईमुळे खारीच्या केसांचे कुंचले मिळत नाहीत. लढाईवर तेव्हा काहीही ढकललं तरी चालत होतं.

तर ही खाकी मोटार. तिसऱ्या दिवशी त्यानं टर्पिनचा बोळा भिजवून मागच्या दरवाजावर फिरवला आणि खाकी रंगाचा पापुद्रा हातभर सुटून आला. त्याला नवल वाटलं. रंग इतका सहज सुटतो तो खाली मेण असेल तरच. लष्कराच्या माणसानं न घासताच वरून खाकी थापली होती. पापुद्र्याखालून किरमिजी रंग निघाला. किरमिजी मोटारी पुष्कळ असतात, असं म्हणत त्यानं आणखी एक बोळा फिरवला.

पिवळी रेघ दिसली. उजवं टोक भरलेलं, डावीकडे विरत गेलेलं.

लढाईत सरकारनं लोकांच्या मोटारी ओढून नेल्या होत्या, त्यात वकीलसाहेबांचीही गेली होती. ते पुढे पुण्याला राहायला गेले आणि गाडी कुठं गेली ते कुणीच विचारलं नव्हतं. फक्रुद्दीन मातीत बसला. त्याच्या हातातला बोळा गळत राहिला आणि त्याच्या पायजम्यावर खाकी डाग पडत राहिले. त्याला रडू आलं, आणि ते त्यानं आवरलं नाही. पडदे लावलेले होते.

दुपारपर्यंत त्यानं सगळी गाडी उघडी केली. दुसऱ्या बाजूला लष्करानं पत्रा ठोकून बदलला होता, पुढचं तोंड आणि पुढचं दार खरवडलं होतं, मागं नुसता गंज. रेघ राहिली होती ती या एका बाजूच्या मागच्या दरवाजावर. दोन हात लांबीची असेल. तेवढी सबंध दुनियेत बिबीजानची निशाणी.

आणि गाडी काळी करायची होती.

पुढचे चार दिवस फक्रुद्दीननं त्या बाजूला हातच लावला नाही. बाकी गाडी घासली, खड्डे भरले, पुन्हा घासली. मनात नाही नाही ते विचार. हा दरवाजाच मागून घ्यावा का? मोटारीचा दरवाजा मागणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील, याचा विचार करून तो स्वतःशीच ओशाळला. मग त्याला सुचलं, की पाटलांना किरमिजी रंगच ठेवायला सांगावं. त्यानं या बाजूला मेण लावून असं पॉलिश केलं, की छपराचे पत्रे त्यात मोजून घ्यावेत.

रंगनाथराव काम बघायला आले ते आईला घेऊन. आक्काबाईला डोळे दाखवायचे होते. ती छपराच्या दाराशी बाजेवर बसली आणि रंगनाथराव आत शिरले.

"अरे वा," ते म्हणाले. "काळ्यापरीस ही बरी दिसती की."

फक्रुद्दीनच्या जिवात जीव आला. "मीही तेच म्हणणार होतो, मालक. असली किरमिजी आता मिळायची नाही. हीच ठेवू. दुसरी बाजू जुळवून देतो."

"ठिवा की. आन् ही रेघ तर काय, झकास. तुमचीच न्हवं ही? नगरात दुसऱ्या कुनाची असनार." रंगनाथरावांनी रेघेवरून बोट फिरवलं. "अशीच समद्या बाजूंनी वडून द्या. मग मी बी म्हनंन, फक्रुभाईची रेघ हाय माज्या मोटारीला."

"रेघ एवढीच असू द्यावी," फक्रुद्दीन म्हणाला. "शोभून दिसते."

"एकाच बाजूला? एका डोळ्यात काजळ घातल्यावानी? लोक हसत्याल. वडायची तर समदीकडं, न्हाईतर पुसून टाका आन् काळी करा. तुमी म्हनाल तसं."

तुमी म्हनाल तसं. इतक्या भल्या शब्दांत माणसाला कोंडीत पकडता येतं, हे रंगनाथरावांच्या गावीही नव्हतं. फक्रुद्दीन "बघतो" म्हणाला. ते आठ दिवसांनी येतो सांगून गेले.

त्या आठही पहाटा फक्रुद्दीन एकटाच पडद्याआड गेला. बिबीजानचा कुंचला त्यानं तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता, केस अजून मऊ होते. आधी पत्र्यावर गिरवलं. मग कोपर काठीला बांधून पाहिलं. मग उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं दाबून धरलं. शेवटी तिच्यासारखीच रेघ उजवीकडून ओढून पाहिली, जणू चूक आजवर बाजूची होती. वीतभर रेघ बरी यायची आणि मग पाण्यातून निघालेल्या मुंगीसारखी वेडीवाकडी जायची. ओली आहे तोवर तो ती टर्पिननं पुसून टाकी आणि पुन्हा सुरू करी. समोर तिची रेघ होती. तिच्याकडे बघून हात जास्तच कापायचा.

आठव्या दिवशी रंगनाथराव आले. आक्काबाईही होती, डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली पदराच्या टोकाला बांधून. ड्रायव्हर बाहेर विडी ओढत उभा. दुसरी बाजू किरमिजी झाली होती, पण कोरी.

"आजून रेघ न्हाई?"

फक्रुद्दीननं हातातलं फडकं खाली ठेवलं. बारा वर्षं जे गिळलं होतं ते आता सांगायचं त्यानं ठरवलं होतं. नाव गेलं तर जाऊ दे, रेघ तरी राहील, असा हिशेब त्याच्या मनात होता. "रंगनाथराव, ही रेघ माझी नाही."

"मग कुनाची?"

"माझ्या घरची. बिबीजानची. तिचा हात आहे हा."

रंगनाथरावांनी गंभीरपणे मान हलवली. "खरं हाय तुमचं. बायकूचा हात असल्याबिगर गड्याच्या हातनं काय हुतंय? आमच्यात बी म्हनत्यात, लक्ष्मीच्या हाताचं यश."

"तसं नाही, मालक. कुंचला तिच्या हातात असायचा. ही रेघ तिनं ओढली. सगळ्याच तिनं ओढल्या. मी बाहेर उभा राहायचो."

रंगनाथरावांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसूच होतं, पण मायेचं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फक्रुभाई, मानूस गेलं की असंच हुतं बगा. आमचा म्हातारा शेवटी शेवटी समद्यास्नी सांगायचा, मळ्यातली हीर आक्कानं खांदली म्हनून. जे हाय ते समदं तिच्या नावावर."

"म्याच खांदली," बाजेवरून आक्काबाई म्हणाली. "तुझा बाप वर बसून चिलीम वडत हुता."

ड्रायव्हर फिसकन हसला. रंगनाथरावही हसले. "ऐका. दोगं बी सारकीच." आक्काबाई हसली नाही. तिचं म्हणणं तिथंच, त्या दोघांच्या हसण्यात, बुडून गेलं.

ती उठली आणि कमरेवर हात ठेवून दरवाजापाशी आली. औषधानं डोळे लाल झाले होते, तरी वाकून, अगदी नाक लावून तिनं ती रेघ पाहिली. "कंच्या अंगानं काढली तिनं?"

"उजवीकडून," फक्रुद्दीन म्हणाला.

"नाव काय म्हनलास?"

"बिबीजान."

"हात थिर हुता तिचा," आक्काबाई म्हणाली. मग लेकाकडे वळली. "रंगनाथा, ऱ्हाऊ दे ही अशीच. एका बाजूला असली म्हनून काय गाडी वाकडी चालती का?"

"आक्का, तुला त्यातलं कळत न्हाई. आदीच गाव हसलंय एकदा." रंगनाथराव आवाज न चढवता म्हणाले. "फक्रुभाई, मन लागत नसंल तर ऱ्हाऊ द्या रेघ. सवडीनं करू कवातरी. सद्या आपली काळीच करून टाका. मागं म्हनलं हुतं तशीच."

फक्रुद्दीननं आक्काबाईकडे पाहिलं. विहीर तिनं खांदली असेल, पण मोटार लेकाची होती. ती पुन्हा बाजेवर जाऊन बसली आणि औषधाची बाटली पदरात उगाच फिरवत राहिली.

एवढं सगळं सांगून झालं होतं. बारा वर्षं ज्याची धास्ती घेतली ते बोलून झालं, आणि काहीच कोसळलं नव्हतं. त्याचं नाव जिथल्या तिथं होतं. कुणी ते त्याच्याकडून काढून घ्यायलाच तयार नव्हतं. बिबीजानला दिलेला शब्द त्यानं पाळला होता, तरी तिच्या पदरात काही पडलं नव्हतं. ही लाचारी त्याला नवी होती. खोटं बोलताना माणूस निदान आपल्या मर्जीचा धनी असतो.

रंग नुसता वरून देऊन चालत नाही. रेघेला जाडी असते, पाच हात काळे दिले तरी ती खालून उठून दिसते. म्हणून आधी ती घासावी लागते. फक्रुद्दीननं पाण्याची बादली आणि वॉटरपेपर घेतला, आणि तो त्या दरवाजापुढे बसला. डाव्या टोकापासून सुरुवात केली, जिथं ती विरत गेली होती. तिनं शेवटी ओढलेलं आधी. पिवळं पाणी दरवाजावरून ओघळून मातीत जिरलं. उजव्या टोकाला रंग भरलेला होता. तिथं त्याला जास्त वेळ घासावं लागलं.

मग काळा. एक हात, सुकला की घासायचा, दुसरा हात, पुन्हा घासायचा, असे पाच. त्यावर मेण, त्यावर फलानीनचं मऊ फडकं. काम त्यानं मन लावून केलं. खोटं काम करायची त्याला सवय नव्हती.

गाडी न्यायच्या दिवशी गल्लीत माणसं जमली. टांगेवाले आपले टांगे सोडून आले. मोटार अशी चमकत होती, की पोरंठोरं तिच्यासमोर वेडावून दाखवत होती आणि मोठी माणसं हळूच फेटा सारखा करून घेत होती. रंगनाथराव पेढ्याचा पुडा घेऊन उभे होते. या वेळी माणसं सापडली होती. आक्काबाई मागच्या आसनावर बसली होती. ती ज्या बाजूला बसली त्या बाजूच्या दरवाजावर तिनं आतून हात टेकला होता.

श्रीमंत टांगेवाला दरवाजावरून तळवा फिरवत म्हणाला, "कुठं म्हनून काय हाताला लागत न्हाई बगा. फक्रुभाईच्या हातचं काम हाय."

"मंग?" रंगनाथराव कौतुकानं म्हणाले. "परवा मला म्हनत हुते, म्या न्हाई केलं म्हनून. आता तरी सांगा समद्यास्नी, फक्रुभाई. तुमच्याच हातचं न्हवं हे?"

फक्रुद्दीननं दरवाजाकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा, सपाट, कुठं काही नाही.

"हो," तो म्हणाला. "माझ्याच हातचं."

बारा वर्षांत पहिल्यांदाच ते खरं होतं.